पिंप उलटविणारा डॉक्टर

बंगळूरच्या लष्करी छावणीत १८८३ साली एक २६ वर्षांचा इंग्रज डॉक्टर बदलून आला. छावणीतील बंगला ऐसपैस होता, हवा सुखद होती. त्रास होता तो फक्त डासांचा. इतरांच्या खोल्यांपेक्षा आपल्याच खोलीत डास अधिक का, हा प्रश्न त्याला छळू लागला. शोध घेता खिडकीबाहेर पाण्याने भरलेले एक पिंप आढळले आणि त्यात वळवळणाऱ्या असंख्य अळ्या दिसल्या. त्याने पिंप उलटे केले. काही दिवसांतच खोलीतील डास जवळजवळ नाहीसे झाले. मोठ्या उत्साहाने तो छावणीच्या अ‍ॅडज्युटंटकडे गेला आणि अधिकाऱ्यांच्या मेसमधील पाण्याची भांडीही अशीच रिकामी करावीत, असे त्याने सुचविले. त्या गृहस्थांनी सूचना हसण्यावारी नेली. डास निर्माण झाले आहेत ते काही हेतूने, निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करणे बरे नव्हे, असा त्यांचा एकंदर पवित्रा होता.

या तरुण डॉक्टरचे नाव रोनाल्ड रॉस. हिवतापाच्या जंतूचे बिऱ्हाड डासाच्या पोटात असते हे पुढे चौदा वर्षांनी सिद्ध करून दाखविणारे आणि १९०२ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते रॉस. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला मिळालेले हे पहिले नोबेल. शाळेच्या पुस्तकात रॉस भेटतात ते सूक्ष्मदर्शकावर वाकलेले. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला तो पिंपे, हौद, फुटकी मडकी, गटारे आणि डबकी यांच्या मागे. तो भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

त्यांचा जन्म अल्मोड्याचा, १३ मे १८५७ चा. उत्तर भारतात बंडाचा वणवा पेटला तो याच महिन्यात. वडील कंपनीच्या लष्करातील अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. मुलाला ओढ होती काव्याची, चित्रकलेची, संगीताची आणि गणिताची. वडिलांच्या मनात डॉक्टरकी होती. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याने शिक्षण पुरे केले ते काहीसे नाइलाजाने, आणि १८८१ मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. सुरुवातीची वर्षे मद्रास इलाख्यात आणि ब्रह्मदेशात गेली. कामापेक्षा कविता, कादंबऱ्या आणि गणिताची कोडी यांतच रॉस अधिक रमत.

त्या काळी हिवताप म्हणजे दलदलीतून उठणारी दूषित हवा, अशी समजूत होती. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला होता; पण रॉस यांचा त्यावर विश्वास नव्हता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला आणि डासाचा यात हात असावा, हा आपला तर्क ऐकविला. रॉस यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते तेथे. पुढल्या वर्षी ते बोटीने मुंबईत उतरले, तेव्हा जकातीतून सामान सुटण्याचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठून हिवतापाच्या रुग्णांचे रक्त तपासू लागले, अशी त्यांच्या चरित्रातील नोंद आहे.

मॅन्सन यांचा तर्क अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. डास रक्त पितो, पाण्यावर अंडी घालून तेथेच मरतो आणि ते पाणी माणसाने प्यायले की ताप येतो, असे त्यांना वाटे. म्हणून रॉस यांनी डास मेलेले पाणी काही माणसांना पाजूनही पाहिले. आजच्या नीतिनियमांत हे बसणार नाही. तेव्हाही ते फार शोभणारे नव्हते. त्यातून निष्पन्न काहीच झाले नाही.

सिकंदराबादेत त्यांनी पहिल्या खेपेस जे डास वापरले, ते घराच्या अंगणातून आणि पाण्याच्या भांड्यांतून सहज मिळणारे होते. काही करड्या रंगाचे, काही अंगावर पांढरे पट्टे असलेले. आजच्या नावांनी सांगायचे तर क्युलेक्स आणि एडिस. माणसाच्या हिवतापाचा जंतू या दोन्ही जातींत वाढतच नाही. रॉस यांची दोन वर्षे या डासांची पोटे फाडण्यात गेली. या शोधातील खरा धडा मला येथे दिसतो. डास म्हणजे एकच एक प्राणी नव्हे. प्रत्येक पाण्याचा डास वेगळा. पिंप, फुलदाणी, कुंडीखालची ताटली, फुटका डबा यांतील स्वच्छ पाणी एडिसला आवडते. शोषखड्डे आणि तुंबलेली गटारे यांतील घाण पाण्यावर क्युलेक्स पोसला जातो. तर हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस शोधतो विहीर, टाकी, झरा किंवा पावसाचे डबके. घरात कोणता डास चावतो हे कळले, तर पाणी कोठे साचले आहे याचा पत्ता लागतो.

दरम्यान, बंगळूरला पटकीची साथ आल्याने रॉस यांना १८९५ च्या अखेरीस तेथे स्वच्छतेच्या कामावर पाठविण्यात आले. संशोधन खोळंबले म्हणून त्यांनी त्रागा केला. परंतु विहिरी, गटारे आणि कचरा यांच्या सहवासात काढलेली ही सुमारे दोन वर्षे वाया गेली नाहीत, असेच पुढच्या घटना पाहता म्हणावे लागते.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा सिकंदराबादेत होते. उकाडा असह्य होता. पण पंखा सुरू केला तर फाडलेले डास उडून जात, म्हणून पंखा बंद. कपाळावरून ठिबकणाऱ्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि नेत्रभिंगाला तडा गेला. अशात त्यांच्या माणसाने काही निराळ्या अळ्या आणून दिल्या. त्यांतून बाहेर पडले ते तपकिरी रंगाचे, पंखांवर ठिपके असलेले डास. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने, चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा या बोलीवर, त्यांना आपले रक्त पाजले. २० ऑगस्ट रोजी यांतील शेवटच्या काही डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. त्यांत हिवतापाच्या जंतूतील काळे रंगद्रव्य होते. दुसऱ्या दिवशीच्या डासात त्याच पेशी अधिक वाढलेल्या आढळल्या. त्या रात्री रॉस यांनी एक कविताही लिहिली. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

सरकारने मात्र महिन्याभरातच त्यांची बदली केली, तीही राजपुतान्यातील खेरवाड्याला, जेथे हिवताप नावालाही नव्हता. मॅन्सन यांच्या खटपटीने १८९८ मध्ये त्यांना कलकत्त्यात विशेष कामगिरीवर नेमण्यात आले. परंतु मुंबईत १८९६ मध्ये शिरलेल्या प्लेगचे भय तेथे पोचले होते, टोचणीविषयी अफवांचे पेव फुटले होते आणि बोटाला सुई लावू द्यायला कोणी रुग्ण तयार होईना. रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्यांमध्ये हिवतापासारखाच एक आजार असतो. त्यासाठी डास वापरला तो सिकंदराबादेत निरुपयोगी ठरलेला, गटारातला करडा डास. तो येथे उपयोगी पडला. जुलै १८९८ मध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीत शिरलेले दिसले. याचा अर्थ स्पष्ट होता. रोग पसरतो तो चाव्यातून. हवेतून नाही, पिण्याच्या पाण्यातूनही नाही. डास पकडणे, पोसणे, पक्ष्यांना चावविणे हे कष्टाचे काम महंमद बक्ष या त्यांच्या सहायकाने केले. त्याचे नाव नोबेलच्या कथेत तळटीपेपुरतेच उरले, हे खटकते.

माणसाच्या हिवतापाचे पूर्ण चक्र त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅनोफिलीसमध्ये दाखविले ते इटलीच्या ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जे वैर जुंपले, ते मरेपर्यंत शमले नाही. रॉस मोठे होते; मनाने मोठे होते असे मात्र म्हणवत नाही. पुढे त्यांचे मॅन्सन यांच्याशीही बिनसले.

१८९९ मध्ये भारत सोडून ते लिव्हरपूलच्या उष्ण कटिबंधीय रोगांच्या नव्या विद्यालयात रुजू झाले आणि येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा अध्याय सुरू झाला. त्याच वर्षी ते पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउनला गेले. रस्त्याकडेच्या डबक्यांत त्यांना अ‍ॅनोफिलीसच्या अळ्या सापडल्या, आणि घरांच्या आवारात पडलेले डबे, बाटल्या व मडकी यांत इतर डासांच्या. १९०१ मध्ये एका स्कॉटिश दात्याच्या पैशांतून तेथे डासविरोधी पथक उभे राहिले. काम साधे होते. घरोघरी जायचे, आवारातील पाणी साचणारी वस्तू उचलायची, गाडीत भरायची, खड्डे बुजवायचे आणि बुजवता येत नसतील तर पाण्यावर तेल सोडायचे. अशी पथके कशी उभारावीत यावर रॉस यांनी १९०२ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. महापालिकेचा माणूस घरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतो, तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो. त्या माणसाची वंशावळ या पुस्तकापर्यंत जाते.

सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरात हे काम सर्वांत यशस्वी झाले. कालवा कंपनीच्या निमंत्रणावरून रॉस १९०२ मध्ये तेथे गेले. वाळवंटातले हे गाव गोड्या पाण्याचा कालवा आल्यावर हिरवे झाले आणि त्याबरोबरच तापाने ग्रासले. बागांतील जादा पाणी झिरपून डबकी साचत होती, तर घरांखालच्या शोषखड्ड्यांतून करडे डास उठत होते. डबकी भरण्यात आली, चर साफ झाले, खड्ड्यांत आठवड्याला तेल पडू लागले. १९०२ मध्ये दीड हजारांहून अधिक असलेली रुग्णसंख्या पुढच्याच वर्षी दोनशेच्या आसपास आली. घरातले डास गेल्याचे लोकांना तापाच्या आकड्यांहून आधी जाणवले, कारण मच्छरदाणीवाचून झोप लागू लागली.

आठवड्याचा हा हिशेब डासाच्या वाढीवर बेतलेला आहे. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी उपसले की पिढी संपते. एडिसच्या बाबतीत मात्र नुसते उपसून भागत नाही. तो भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवितो आणि ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात. म्हणून पिंप घासावे लागते.

डासामागोमाग ओलीचा माग काढीत गेले की बाकीची मंडळीही भेटतात. मोरीच्या जाळीभोवती भिरभिरणाऱ्या केसाळ बारीक माश्या नळीतल्या बुळबुळीत थरात वाढतात. झुरळ उपाशी बरेच दिवस काढते, पाण्यावाचून फार काळ काढू शकत नाही. म्हणून ते गळक्या नळाखाली सापडते. वाळवी जमिनीतली ओल धरून भिंत चढते, आणि पुस्तकांतली कसर दमट कपाटात सुखाने नांदते. यांवर औषध फवारून काही दिवस शांतता मिळते. फुटलेली पन्हाळ तशीच राहिली, तर पुन्हा तेच.

रॉस यांना सगळीकडे इस्माइलिया लाभली नाही. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०१ पासून काही वर्षे अळ्या नष्ट करण्याचा प्रयोग झाला आणि तो फसला, असा निष्कर्ष सरकारी तज्ज्ञांनी काढला. पुरेसा पैसा आणि माणसे न देता केलेला प्रयोग म्हणजे प्रयोगच नव्हे, असे रॉस यांचे म्हणणे होते. मॉरिशसच्या पाहणीनंतर त्यांनी गणिताचा आधार घेतला. प्रत्येक डास मारण्याची गरज नाही; माणसांमागे डासांची संख्या एका ठरावीक पातळीखाली आली की हिवताप आपोआप ओसरतो, हे त्यांनी १९१० च्या ग्रंथात समीकरणांनी मांडले. साथरोगांच्या आजच्या गणिताचा पाया ज्यांनी घातला, त्यांत त्यांची गणना होते. तरुणपणीची गणिताची आवड येथे कामी आली.

मुंबईत हा वाद विहिरींच्या रूपाने आला. शहरी हिवताप पसरविणाऱ्या डासाला शास्त्रीय नाव दिले ते लिस्टन यांनी, १९०१ मध्ये, वऱ्हाडातील एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरच्या नमुन्यांवरून. प्लेगचा उंदरांवरील पिसवांशी असलेला संबंध पुढे मुंबईत उलगडणारे हेच लिस्टन. १९११ मध्ये बेंटली यांच्या अहवालाने दाखविले, की मुंबईत हा डास वाढतो तो घराघरांच्या विहिरींत. विहिरी बुजवा किंवा झाकून टाका, असा आग्रह सुरू झाला. पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागे. विरोध होणे स्वाभाविक होते. विहिरी गेल्या, तेव्हा तोच डास गच्चीवरच्या टाक्यांत राहायला गेला.

रॉस यांची अखेरची वर्षे कटुतेत गेली. १९११ मध्ये सर किताब मिळाला. १९१४ मध्ये थोरला मुलगा महायुद्धात पडला. शोधाबद्दल आर्थिक मोबदला मिळावा म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केले, ते फेटाळले गेले. १९२६ मध्ये लंडनच्या पटनी भागात त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि १९२७ मध्ये कलकत्त्यातील रुग्णालयात त्यांच्या उपस्थितीत स्मारकाचे उद्घाटन झाले. तरीही १९२८ मध्ये पैशांच्या निकडीपोटी त्यांनी आपली सारी कागदपत्रे विक्रीस काढली. लेडी ह्यूस्टन यांनी दोन हजार पौंडांना ती विकत घेतली आणि त्यांच्याच संस्थेला देऊन टाकली. १९३१ मध्ये पत्नी रोझा वारल्या. १६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस यांचे लंडनमध्ये निधन झाले. दोन वर्षांनी त्यांची संस्था लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये विलीन झाली.