विरजण शेजारचं, दही घरचं

मुलं जादूच्या गोष्टी वाचायला लागली की घरात एक वाद हमखास होतो. ही कल्पना त्या पुस्तकातून उचललीय, ती या सिनेमातून ढापलीय! असा वाद ऐकला की मला इंग्लंडची लेखिका एडिथ नेस्बिट आठवते.

एडिथचा जन्म १५ ऑगस्ट १८५८ चा, लंडनमधला. चार वर्षांचीही झाली नव्हती तोच वडील गेले. पुढे मोठ्या बहिणीच्या आजारपणासाठी आई मुलांना घेऊन पार फ्रान्सपर्यंत फिरली, पण ती बहीण वाचली नाही. १८८० मध्ये एडिथचं ह्यूबर्ट ब्लँडशी लग्न झालं. थोड्याच दिवसांत नवऱ्याला देवी आल्या, धंदा बुडाला. पदरात तान्हं मूल! एडिथनं भेटकार्डं रंगवली, कविता आणि कथा लिहून मासिकांना विकल्या. घर चाललं ते तिच्या लेखणीवर. अशा ओढाताणीतही ती १८८४ मध्ये फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेच्या स्थापनेत होती, आणि पुढे लंडनच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी दरवर्षी नाताळचा सोहळा करायची.

घरातलं दुःख मात्र वेगळंच होतं. तिची मैत्रीण ॲलिस घरात मदतीला राहायची. ह्यूबर्टपासून तिला दोन मुलं झाली. एडिथनं ती दोन्ही आपली म्हणून वाढवली. १९०० मध्ये तिचा पोटचा फेबियन एका साध्या ऑपरेशननंतर गेला. तो अवघा पंधरा वर्षांचा होता.

आणि १९०२ मध्ये आलं 'फाइव्ह चिल्ड्रेन अँड इट'. पाच भावंडांना वाळूत एक चिडका प्राणी सापडतो. तो रोज एक इच्छा पुरी करतो, पण सूर्य मावळला की सगळं संपतं. मुलं सोनं मागतात, तर ती जुनी नाणी दुकानदार घेतच नाहीत! जादू दूरच्या राजवाड्यातून उठून साध्या घरात आली, ती अशी.

हे सगळं तिचं एकटीचं होतं का? नाही. इच्छा पुऱ्या करणारे जिन अरबी कथांमध्ये होतेच. ॲन्स्टी नावाच्या लेखकानं १९०० मध्येच बाटलीतला जिन लंडनमध्ये आणला होता. मग एडिथचं स्वतःचं काय? या गोष्टीतलं पाचवं भावंड म्हणजे सगळ्यांचं लाडकं बाळ. पुस्तक तिनं अर्पण केलंय छोट्या जॉनला, म्हणजे ॲलिसच्या मुलाला. ही माया कुठून उसनी आणता येते, सांगा बरं?

पुढे इतरांनी तिच्याकडून घेतलं. १९०८ मधल्या तिच्या एका कथेत लहान मुलगी कपाटातून जादूच्या जगात जाते. सी. एस. लुईस यांच्या १९५० च्या पुस्तकातही मुलं कपाटातूनच नार्नियात पोचतात. लुईस लहानपणापासून तिचे वाचक, आणि त्यांनी तिचं ऋण मानलं. अमेरिकेच्या एडवर्ड ईगर यांनी तर आपल्या पुस्तकातल्या मुलांच्या हातीच तिची पुस्तकं दिली. हॅरी पॉटरच्या लेखिकेनंही तिचं नाव आदरानं घेतलंय.

१९१४ मध्ये ह्यूबर्ट गेले. १९१७ मध्ये तिनं दुसरं लग्न केलं आणि ४ मे १९२४ ला ती गेली. पण चोरीचा वाद तिलाही सुटला नाही. तिच्या 'द रेल्वे चिल्ड्रेन' (१९०६) या पुस्तकाचं १८९६ च्या एका कादंबरीशी फार साम्य आहे, असा आरोप २०११ मध्ये झाला. लाल कपडा दाखवून गाडी थांबवणारी मुलं दोन्हीकडे आहेत म्हणे. तिनं ती कादंबरी वाचली असेल, तर नाव सांगायला हवं होतं, हे खरंच. पण दुरावलेल्या बाबांची वाट बघणारी तिची ती मुलगी मात्र एडिथच्या स्वतःच्या बालपणातून आलीय, असं मला वाटतं.

विरजण आपण शेजारणीकडून आणतो, पण दूध आपलं असतं, म्हणून दह्याला आपल्या घरची चव येते. तेव्हा मुलानं वहीत गोष्ट लिहिली आणि ती कुठेतरी वाचल्यासारखी वाटली, तर लगेच कॉपी म्हणून हिणवू नका. यात तुझं काय आहे, एवढं विचारा. आणि विरजण कुणाकडचं, हे मोकळेपणानं सांगायलाही शिकवा.