गाडगे महाराज

डेबूजी झिंगराजी जाणोरकर ऊर्फ संत गाडगे महाराज (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६) हे वऱ्हाडातील कीर्तनकार व समाजसुधारक होते. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि सोबत मडक्याचे फुटके खापर असा त्यांचा वेश असे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, त्यामुळे त्यांची ओळख आज मुख्यतः खराट्याशी जोडली जाते. निराश्रितांसाठी त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांचे कार्य मात्र त्यामानाने कमी सांगितले जाते.

जीवन

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडिलांचे व्यसनापायी अकाली निधन झाल्यावर आई सखुबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली. मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला आणि पुढे स्वतःसाठी घर असे केलेच नाही. गावात शिरताच ते रस्ते झाडीत, कष्टाच्या मोबदल्यात भाकर घेत आणि रात्री कीर्तन करीत. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे त्यांनी लोकांच्या श्रमातून घाट बांधविला.

धर्मशाळा

वऱ्हाडातून पायी पंढरपुरास जाणाऱ्या गरीब वारकऱ्याला आषाढीच्या पावसात डोक्यावर छप्पर मिळणे कठीण असे. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंची अवस्था त्याहून वाईट होती, कारण पैसे असले तरी त्यांना कोणी ओसरी देत नसे. त्यांच्यासाठी महाराजांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली व तिला चोखामेळ्याचे नाव दिले. परंपरेनुसार चोखोबांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजा या गावी झाला. ज्याला हयातीत मंदिराबाहेर उभे राहावे लागले, त्याच्याच नावाने त्या नगरीत हक्काचा निवारा झाला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी दिली.

नाशिक, देहू, आळंदी येथेही त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पैसा कीर्तनाच्या श्रोत्यांकडून व व्यापाऱ्यांकडून येई. व्यवस्था विश्वस्तांकडे असे. इमारतींवर स्वतःचा किंवा कुटुंबीयांचा हक्क त्यांनी ठेवला नाही. १९५२ मध्ये या कार्यासाठी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झाले.

मुंबईत प्रश्न यात्रेकरूंचा नव्हता. खेड्यातून रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकांना रुग्णालयात राहता येत नसे आणि लॉजचे भाडे परवडत नसे. ते पदपथावर झोपत, तेथेच चूल मांडत. हे ओळखून १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधण्यात आली. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे आप्त अल्प दरात राहतात.

निधन

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक, वाहनातच, त्यांचे निधन झाले. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. बुलढाण्यासह वऱ्हाडातील पाच जिल्ह्यांची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.