ब्रिगहम यंग : सुतार ते मॉर्मन चर्चचे प्रमुख

मॉर्मन चर्चमध्ये रविवारची सभा चालवणारा बिशप सोमवारी आपल्या नेहमीच्या कामावर जातो. तो शिक्षक असेल, दुकानदार असेल किंवा शेतकरी. बिशपपदाचा त्याला पगार नसतो आणि साधारण पाच वर्षांनी ही जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. या व्यवस्थेची सुरुवात संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी केली, पण तिची घडी बसवली ती ब्रिगहम यंग यांनी.

यंग यांचा जन्म १ जून १८०१ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एका गरीब कुटुंबात झाला. शाळा त्यांना जेमतेम ११ दिवस मिळाली. सुतारकाम, रंगकाम आणि खिडक्यांना काचा बसवणे यावर ते पोट भरत. १८३२ मध्ये त्यांनी या नव्या पंथाचा बाप्तिस्मा घेतला. धर्मशास्त्र ते शिकले नव्हते, पण इथे ती अटच नव्हती. ज्याला पुरोहितपद मिळाले आहे तो पुरुष दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला ते देतो. त्याच्या दोन पायऱ्या आहेत. आज अहरोनाचे पुरोहितपद मुलांना साधारण बाराव्या वर्षापासून मिळते, तर मलकीसदेकाचे प्रौढ पुरुषांना.

१८३५ मध्ये यंग बारा प्रेषितांपैकी एक झाले. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. आता नेता कोण? स्मिथ यांचे सहकारी सिडनी रिग्डन यांनी आपला दावा मांडला. अधिकार बारा प्रेषितांकडे आहे, असे यंग यांचे म्हणणे होते. ऑगस्टमध्ये नॉव्हू गावच्या सभेत बहुसंख्य लोकांनी हात वर करून बारा जणांच्या बाजूने कौल दिला. आजही पदाधिकाऱ्यांना सभासद असाच पाठिंबा देतात. मात्र ही निवडणूक नव्हे. नाव वरून येते, सभासद फक्त संमती देतात.

विरोधकांच्या छळामुळे १८४६ मध्ये मॉर्मन लोकांना नॉव्हू सोडावे लागले. यंग यांनी दहा, पन्नास आणि शंभर जणांच्या तुकड्या पाडून प्रत्येकीवर एक प्रमुख नेमला. २४ जुलै १८४७ रोजी ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले आणि त्याच डिसेंबरात चर्चचे अध्यक्ष झाले. पुढे ते युटा प्रदेशाचे गव्हर्नरही होते. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच हाती आली. त्यांच्या पन्नासहून अधिक बायकांमुळेही त्यांच्यावर देशभर टीका झाली.

सामान्य माणसाला खुले असलेले हे पुरोहितपद त्यांनीच काहींना बंद केले. १८५२ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांना ते मिळणार नाही, असे जाहीर केले. वास्तविक एलायजा एबल या कृष्णवर्णीय सुताराला ते स्मिथ यांच्या हयातीतच, १८३६ मध्ये, मिळाले होते. एबल यांचे पद कायम राहिले, पण मंदिरातील सर्वोच्च विधींसाठी त्यांनी केलेली विनंती नाकारली गेली. ही बंदी १९७८ पर्यंत टिकली. स्त्रियांना पुरोहितपद आजही नाही, मात्र त्यांची स्वतंत्र संस्था आहे आणि तिचे काम त्याच पाहतात.

२९ ऑगस्ट १८७७ रोजी यंग यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी गावोगावच्या मंडळ्यांची फेररचना केली होती. एका बिशपच्या देखरेखीखालची मंडळी म्हणजे वॉर्ड, आणि अनेक वॉर्ड मिळून स्टेक. सर्वोच्च पातळीवरच्या पूर्णवेळ नेत्यांना आज निर्वाह भत्ता मिळतो, पण वॉर्ड आणि स्टेकचा कारभार अजूनही बिनपगारी माणसेच चालवतात.