मोलकरीण पडद्यावरची

‘गॉन विथ द विंड’ पाहिलाय? नसेल, तरी त्यातली मॅमी तुम्ही कुठेतरी पाहिली असेलच. डोक्याला फडकं, आवाजात जरब. ती हॅटी मॅकडॅनियल. जन्म १८९३ चा, कॅन्ससमधला. आईवडिलांनी गुलामी भोगलेली. १९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. सिनेमात काम नसेल तेव्हा लोकांच्या घरी घरकाम करायची आणि काम मिळालं, की तेही बहुतेक मोलकरणीचंच!

१९४० मध्ये मॅमीसाठी तिला ऑस्कर मिळालं. ते पटकावणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण सोहळ्याच्या हॉटेलात काळ्यांना प्रवेशच नव्हता. निर्मात्याने रदबदली केली, तेव्हा कुठे तिला टेबल मिळालं. तेही सहकलाकारांपासून लांब, भिंतीलगत. अटलांटातल्या प्रीमियरला तर तिला जाताच आलं नव्हतं.

मोलकरणीच का रंगवतेस, म्हणून तिच्याच समाजातून टीका झाली. टीका खोटी नव्हती. पण दुसऱ्या भूमिका देत कोण होतं?

तिची खरी लढाई मात्र पडद्याबाहेरची. शुगर हिल भागात तिने घर घेतलं आणि गोरे शेजारी कोर्टात गेले. कारण काय, तर जागेच्या कागदपत्रांतच काळ्यांना मनाई होती! हॅटीने तिथल्या कृष्णवर्णीयांची मोट बांधली आणि १९४५ मध्ये खटला जिंकला.

१९५२ मध्ये ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीने तिला जागा नाकारली. हॉवर्ड विद्यापीठाला दिलेलं तिचं ऑस्करही पुढे गहाळ झालं. अकादमीने ते नव्याने दिलं, २०२३ मध्ये.