कापड दुकानातला विज्ञानकथाकार



यंदाच्या अंकासाठी मी इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची माहिती लिहिली आहे. विज्ञानकथा लिहिणारे जे पहिले मोठे लेखक झाले, त्यांत त्यांचे नाव घेतात. काळात मागेपुढे जाणारे यंत्र, कोणालाच न दिसणारा माणूस, मंगळावरून चालून आलेले शत्रू, ह्या गोष्टी त्यांच्याच. पण मी त्या गोष्टी सांगणार नाही. लेखक होण्याआधी ते काय करत होते, ते सांगणार आहे. आमचा दादा दहावीनंतर तालुक्याला कापडाच्या दुकानात लागला आहे, आणि वेल्ससुद्धा कापडाच्याच दुकानात होते. बाईंनी हे सांगितले तेव्हा मला खरेच वाटेना.

त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉमली गावी झाला. घरी त्यांना बर्टी म्हणत. वडिलांचे कपबश्यांचे आणि क्रिकेटच्या सामानाचे छोटे दुकान होते, पण ते काही चालत नसे. वडील मात्र गोलंदाज जबरे! १८६२ साली त्यांनी केंटकडून खेळताना लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. क्रिकेटचे जे पैसे मिळत त्यावर घर कसेबसे चाले.

१८७४ साली एका मोठ्या मुलाने खेळता खेळता बर्टीला वर उडवले आणि तो तंबूच्या खुंटीवर पडला. पाय मोडला. मग किती दिवस अंथरुणातच. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देत, आणि तेव्हा त्याला वाचनाची जी गोडी लागली ती कायमची. पुढे १८७७ साली वडीलच पडले, त्यांचाही पाय मोडला. क्रिकेट संपले, पैसेही संपले. आई एका जमीनदाराच्या वाड्यावर कारभारीण म्हणून नोकरीला गेली. मोठे दोन भाऊ कापडाच्या धंद्यात होतेच, बर्टीलाही त्यातच घातले.

१८८१ सालापासून तो साउथसी या समुद्रकाठच्या गावी एका कापड दुकानात होता. दिवसाला तेरा तास काम. धूळ झटका, तागे आणा, गिऱ्हाईक गेले की परत घड्या घाला. रात्री सगळ्या पोरांनी एका मोठ्या खोलीत झोपायचे. दादा म्हणतो की उचलण्यापेक्षा घड्या घालण्याचाच कंटाळा येतो. बर्टी मधूनच पुस्तक काढून वाचायचा आणि बोलणी खायचा.

शिकाऊ म्हणून चार वर्षे राहायचे ठरले होते. त्यासाठी आईने आधी पैसे भरले होते. दोन वर्षे झाली आणि त्याला अगदी सहन होईना. १८८३ साली एका रविवारी सकाळी तो उठला आणि आईच्या वाड्याकडे चालत निघाला. सतरा मैल! आई इतर नोकरांबरोबर चर्चमधून परत येत होती, तिच्यासमोर हा जाऊन उभा. मला दुकान नको, शिकायचे आहे, असे त्याने सांगितले. आईला वाटे, कापडाचा धंदा म्हणजे अब्रूचा, पोटाला कमी पडायचे नाही. तिचेही काही चुकत नव्हते. तिने पै पै करून पैसे भरले होते. पण मिडहर्स्ट गावच्या एका हेडमास्तरांनी, ज्यांच्याकडे तो पूर्वी थोडे दिवस शिकला होता, त्याला शाळेत ठेवून घ्यायची तयारी दाखवली. लहान मुलांना शिकवायचे आणि स्वतःही शिकायचे. शेवटी आईने ऐकले.

तिथून १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात गेला. शिष्यवृत्ती आठवड्याला २१ शिलिंग. आठवडा सरत आला की दुपारचे जेवण चुकवावे लागे. पहिल्या वर्षी थोर शास्त्रज्ञ हक्सले त्यांना जीवशास्त्र शिकवायला होते. ते वर्ष फार छान गेले. पण नंतर लक्ष उडाले, आणि १८८७ साली भूगर्भशास्त्रात वेल्स चक्क नापास झाले!

त्या दिवसांत त्यांनी मित्रांबरोबर विद्यार्थ्यांचे एक मासिक काढले होते. आपल्या भित्तीपत्रकासारखेच, पण छापलेले. काळातून प्रवास करणाऱ्या माणसाची पहिली गोष्ट त्यांनी १८८८ साली त्यातच लिहिली, आणि ती अर्धवट राहिली. त्याआधी वेल्समधल्या एका शाळेत (हा वेल्स म्हणजे प्रांत, लेखक नव्हे) मास्तरकी करताना फुटबॉल खेळताना त्यांना जबर मार बसला होता. मूत्रपिंडाला इजा झाली, छातीतून रक्त पडू लागले. बिछान्यावर पडून ते लिहीत. जे लिहिले त्यातले पुष्कळ जाळूनही टाकले. मला याचे फार वाईट वाटते.

१८९० साली ते बी. एस्सी. झाले. शिकवून पोट भरत होते, पण १८९३ साली पुन्हा छातीतून रक्त गेले आणि ती नोकरी सोडावी लागली. मग वर्तमानपत्रांत बारीकसारीक लेख लिहून दिवस काढू लागले. ती जुनी अर्धवट गोष्ट काही मनातून जात नव्हती. कितीदा तरी पुन्हा पुन्हा लिहिली. १८९४ च्या उन्हाळ्यात ते सेव्हनओक्स गावी भाड्याच्या खोलीत राहत. रात्री खिडकी उघडी, दिव्याभोवती पाखरे, आणि बाहेर अंधारात घरमालकीण कुरकुरते आहे की हा भाडेकरू माझा दिवा किती जाळतो! त्या दिव्याखाली लिहिलेली गोष्ट म्हणजे ‘टाइम मशीन’. १८९५ साली तिचे पुस्तक निघाले आणि नाव झाले. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. आईने हे सगळे पाहिले, त्या १९०५ पर्यंत होत्या.

पुढे त्यांनी खूप पुस्तके लिहिली. १९१४ सालच्या एका कादंबरीत त्यांनी अणुबॉम्ब लिहून ठेवला होता. तो १९४५ साली खरोखर पडलेला पाहून १३ ऑगस्ट १९४६ रोजी ते लंडनला वारले.

रविवारी दादा घरी आला तेव्हा मी हा लेख त्याला वाचून दाखवला. आई भाकरी थापत होती, तिनेही ऐकला. दादाने विचारले, सतरा मैल म्हणजे किती? मी गणित करून सांगितले, सुमारे २७ किलोमीटर. तालुक्याहून आमचे गाव १९ आहे आणि एसटी आहे. दादा बराच वेळ गप्प बसला. जाताना म्हणाला, बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कसा भरतात ते बाईंना विचारून ठेव.

(इयत्ता ७ वी)