एलेन केय

एलेन कारोलिना सोफिया केय (११ डिसेंबर, १८४९ - २५ एप्रिल, १९२६) या स्वीडिश लेखिका, शिक्षिका व विचारवंत होत्या. मुलांना मारून शिस्त लावण्याच्या प्रथेवर त्यांनी केलेल्या टीकेमुळे बालहक्कांच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

जीवन

केय यांचा जन्म दक्षिण स्वीडनमधील स्मोलांद प्रांतात झाला. वडील एमिल केय हे जमीनदार व स्वीडिश संसदेचे सदस्य होते. एलेन यांचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. पुढे कुटुंबाची आर्थिक स्थिती ढासळल्यावर त्यांनी स्टॉकहोममधील आना व्हिटलॉक यांच्या शाळेत अध्यापन सुरू केले. तेथील कामगार शिक्षणसंस्थेतही त्यांनी सुमारे वीस वर्षे व्याख्याने दिली. उत्तरायुष्यात त्या व्हेटर्न सरोवराकाठी बांधलेल्या 'स्ट्रांड' या घरात राहिल्या व तेथेच त्यांचे निधन झाले.

बालकाचे शतक

१९०० साली त्यांचा 'बालकाचे शतक' हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १९०२ मध्ये त्याचे जर्मन व १९०९ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले. त्या काळी मुलांना मारणे हा पालकांचा अधिकारच नव्हे, तर कर्तव्यही मानले जाई. केय यांच्या मते माराने मुलात भीती व लाचारी निर्माण होते, सद्सद्विवेक नव्हे. शिवाय मार खाणाऱ्याप्रमाणेच मारणाऱ्याचीही अवनती होते. मुलाला स्वतःच्या कृतीचे स्वाभाविक परिणाम अनुभवू द्यावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. शाळांतील दडपशाहीवरही त्यांनी कठोर टीका केली.

मर्यादा

केय यांचा विरोध संपूर्ण नव्हता. अगदी लहान वयात सवयी लावताना काही मुलांच्या बाबतीत किंचित शारीरिक वेदना उपयोगी ठरू शकते, असे त्या मानत. मात्र बसलेला मार लक्षात ठेवण्याइतके मूल मोठे झाले, की ते मार देण्याच्या वयापलीकडे गेले, अशी सीमारेषा त्यांनी आखली होती. याच ग्रंथात त्यांनी सुप्रजननशास्त्राचा पुरस्कार केला असून त्या भागावर पुढील काळात तीव्र टीका झाली.

कायद्याची वाटचाल

केय यांच्या हयातीत पालकांच्या मारावर स्वीडनमध्ये बंदी आली नाही. १९४९ च्या पालकत्वविषयक संहितेत शिक्षा करण्याऐवजी समज देणे असा सौम्य शब्द योजण्यात आला. १९५८ मध्ये प्राथमिक शाळांतील शारीरिक शिक्षा बंद झाली. १९६६ मध्ये पालकांना संरक्षण देणारी तरतूद वगळण्यात आली. तरीही मारण्यास स्पष्ट मनाई नव्हती. १९७८ मध्ये बालसाहित्यकार आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी फ्रँकफुर्ट येथील भाषणात मुलांवरील हिंसेचा निषेध केला. १९७९ मध्ये स्वीडिश संसदेने २५९ विरुद्ध ६ मतांनी बंदीचा कायदा संमत केला व तो १ जुलै, १९७९ पासून लागू झाला. पालकांच्या हातून होणाऱ्या शारीरिक शिक्षेस मनाई करणारा स्वीडन हा जगातील पहिला देश ठरला. या कायद्यात पालकांसाठी स्वतंत्र दंड नाही. त्याचा भर लोकशिक्षणावर होता व त्यासाठी दुधाच्या खोक्यांवरही माहिती छापली गेली.

हा कायदा केय यांच्या ग्रंथानंतर ७९ वर्षांनी झाला. त्यांनी लहानग्यांपुरता ठेवलेला अपवादही त्यात उरला नाही.