फ्रीडलबाई

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचे चित्र वहीत उतरवणे. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली झोपडी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. त्या आठवड्यात मी सूर्य काढलाच नाही. डोंगरांमधली जागा पेन्सिलीने काळी करून टाकली. वहीवर लाल रेघ आली, चित्र पुन्हा काढावे लागले. म्हणूनच यंदा ग्रंथालयात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या बाईंविषयी वाचायला मिळाले तेव्हा ते पुस्तक मला खाली ठेववेना.

फ्रीडल यांचा जन्म १८९८ साली व्हिएन्नात, एका सामान्य ज्यू कुटुंबात झाला. त्यांचीही आई लहानपणीच वारली. वडील कागद-वह्यांच्या दुकानात नोकरीला. चित्रकार योहानेस इटेन यांच्याकडे शिकून १९१९ मध्ये त्या वायमारच्या प्रसिद्ध बाऊहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. विणकाम, छपाई, नेपथ्य, सर्वच त्यांना येई. साम्यवादी चळवळीतील सहभागामुळे त्यांना अटक झाली, आणि सुटकेनंतर त्या प्रागला गेल्या. तेथे निर्वासितांच्या मुलांना त्या चित्रकला शिकवू लागल्या. कलेद्वारे मनावर उपचार करण्याची पद्धत पुढे अमेरिकेत रुजवणाऱ्या ईडिथ क्रेमर या त्यांच्याच शिष्या. १९३६ मध्ये पावेल ब्रँडाइस यांच्याशी विवाह झाला. पुढे बाईंना पॅलेस्टाईनला जाण्याचा परवाना मिळत होता, पण पतीला सोडून त्या गेल्या नाहीत.

डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी दोघांना तेरेझीनच्या छावणीत धाडले. बरोबर फक्त पन्नास किलो सामान नेता येई. बाईंनी त्यात जमेल तेवढे कागद आणि रंग भरले! मला तर याचेच सर्वांत नवल वाटते. आपण अशा वेळी काय घेतले असते?

छावणीतल्या मुलींच्या वसतिगृहात त्यांचे वर्ग भरत. आणलेला कागद संपला की कचेरीचे जुने फॉर्म, पुड्यांचे कागद, चिंध्या, काहीही चाले. आधी हात मोकळा व्हावा म्हणून तालावर रेघा ओढायच्या, मग मनात येईल ते काढायचे. कुणी सोडून आलेले घर काढी, जेवणाचे टेबल, फुले, फुलपाखरे. कुणी छावणीतल्या तीन मजली फळ्यांचे बिछाने. बाई चित्र दुरुस्त करीत नसत. आपल्याला चित्रकार घडवायचे नाहीत, मुलांच्या मनाला मोकळे व्हायला जागा द्यायची आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९४३ मध्ये छावणीतल्या शिक्षकांपुढे त्यांनी ती मांडलीही. एक आग्रह मात्र असे: चित्रावर आपले नाव लिहायचे. छावणीत माणसाला क्रमांक असे. कागदावर तेवढे नाव उरे.

सप्टेंबर १९४४ मध्ये पावेल यांना ऑशविट्झला नेण्यात आले. बाईंनी पुढच्या गाडीसाठी आपण होऊन नाव दिले. त्याआधी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी बिर्केनाऊ येथे त्यांना ठार मारण्यात आले. ज्यांच्यासाठी त्या गेल्या ते पावेल मात्र वाचले.

त्या वर्गातली बहुतेक मुलेही परतली नाहीत. युद्ध संपल्यावर वसतिगृहातील सहकारी विली ग्रोआग यांनी त्या पेट्या प्रागला पोहोचवल्या. आत सुमारे ४५०० चित्रे होती. ती आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत, आणि कितीतरी चित्रांच्या कोपऱ्यात बालाक्षरांत नावे आहेत.